सातपुते आहेत का?

"एवढं विष कशाला लागतं गं तुला?" वन्संनी विचारलं.

त्या गवार मोडत बसल्या होत्या आणि मी त्यांना नव्या कादंबरीचं नववं प्रकरण वाचून दाखवत होते. खुनी बाईला पकडण्यासाठी मी भलीमोठी फौज उभी केली होती. मसाला दुधाच्या पेल्याला लागलेला एका दुर्मीळ विषाचा डाग, तो डाग तपासणारा पुण्याचा शास्त्रज्ञ, आणि तो शास्त्रज्ञ नेमका रहस्य उलगडणाऱ्या आमच्या मथूआक्कांचा लांबचा आतेभाऊ.

"मग कशावरून पकडू?" मी विचारलं.

"ती बाई शेजारणीकडनं निघताना काय म्हणते, ते वाच बघू परत."

मी दोन पानं मागे गेले. "'बरंय तर, जाते मी.'"

"मग तिथंच पकड की. परत यायचं असलेली बाई 'जाते' म्हणते का कधी? 'येते' म्हणते. कुणी वारलं असेल त्या घरातनं उठताना तेवढं 'येते' म्हणत नाहीत. ही 'जाते' म्हणाली, म्हणजे हिला ठाऊक होतं, इथं पुन्हा पाय ठेवायचा नाही."

मला हसू आलं. "वन्सं, ती माझी चूक आहे. घाईत लिहिलं गेलं. आणि एका शब्दावर कुणी फासावर जातं का?"

"फासावर कशाला जायला पाहिजे? ऐकणाऱ्याला कळलं तरी पुरे."

मी पेनानं 'जाते'चं 'येते' केलं आणि विष तसंच ठेवलं. ही गोष्ट पंच्याण्णव सालच्या मे महिन्यातली, मिरजेच्या आमच्या घरातली.

मी हेमलता नाडगौडा. माझं नाव तुम्हाला माहीत असेल तर तुमच्या घरात आजारी माणूस असणार किंवा लांबचा प्रवास झाला असणार, कारण माझी पुस्तकं त्याच दोन वेळांना वाचली जातात. माझ्या गोष्टींत खून पहिल्याच प्रकरणात होतो, तोही दाराआड, रक्ताचा डाग कुणाच्या चादरीला लागू न देता. मेलेला माणूस असा निवडलेला असतो की कुणाला त्याचं फार वाईट वाटू नये. मग पोस्टातून निवृत्त झालेल्या मथूआक्का चहाचं आधण ठेवतात, चार घरी वाटी घेऊन साखर मागायला जातात आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एकत्र बसवून खुन्याला रडायला लावतात. अशा सतरा कादंबऱ्या मी लिहिल्या. वाचक पत्रं पाठवत, त्यांत खुनाबद्दल अवाक्षर नसे. इचलकरंजीच्या एका बाईंनी मला चार पानं लिहून कळवलं होतं की मथूआक्कांच्या आमटीत गूळ फोडणीनंतर पडायला हवा. असल्या वाचकांना मी मनातल्या मनात नाक मुरडायची आणि पुढच्या कादंबरीत गूळ फोडणीनंतर घालायची.

आणि मुलाखती. समोर बसलेली मुलगी वहीत बघून विचारते, "मॅडम, तुमची प्रेरणा काय?" मी चष्मा काढते, खिडकीकडे बघते आणि म्हणते, "माणसं." त्यावर ती इतकी समाधानानं मान हलवते की मला तिची कीव येते. माझी प्रेरणा स्वयंपाकघरात गवार मोडत बसलेली होती. तिचं नाव कुमुद नाडगौडा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. परगावचे फोन जोडून देणाऱ्या मिरजेच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि "बोला, सोलापूर लाइनवर आहे" किंवा "तीन मिनिटं झाली" एवढंच बोलणं. गावातल्या निम्म्या लोकांचं सोयरसुतक त्यांच्या कानांवरून गेलं होतं. कोण कुणाशी काय बोललं, हे त्यांनी घरातसुद्धा कधी सांगितलं नाही. कानात गेलं ते पोटात ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं, तेव्हा घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "वेळेवर काय, कुणीही जातं. मी तोंड मिटून बसले, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही." आयुष्यभरात त्यांना एवढ्या एकाच गोष्टीचा अभिमान होता.

माणसं मात्र त्यांना ऐकून कळत. कोण खोटं बोलतंय, कोण रडून आलंय, कोण घरात एकटं आहे, हे त्यांना पहिल्या 'हॅलो'वरून समजे. मी प्रकरण वाचून दाखवायची आणि त्या म्हणायच्या, "ही बाई नवऱ्याबद्दल फार गोड बोलतीय, हिच्यावर लक्ष ठेव." मी ठेवायची. मथूआक्कांची अक्कल सगळी तिथली. माझी होती ती फक्त शाई.

त्या जूनमध्ये मी अडकले. दिवाळी अंकाचे संपादक देवस्थळी दर आठवड्याला फोन करायचे. दिवाळी जवळ आली की या जमातीला अचानक साहित्याची काळजी वाटू लागते. "मॅडम, खून झाला का?" ते विचारायचे. खून कधीच झाला होता. तो का झाला, हे मला सापडत नव्हतं. इस्टेट वापरून झाली होती, भाऊबंदकी वापरून झाली होती, दागिने तर तीनदा.

"वन्सं," मी एका दुपारी म्हटलं, "माणूस कुठल्या गोष्टीसाठी सगळ्यात जास्त घाबरतो?"

त्यांनी हातातली गवार टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, "सांगते. पण हे लिहायचं नाही."

"बरं."

"बरं नाही. वचन दे."

मी दिलं. वचन द्यायला काय लागतं.

त्यांनी सांगितलं ते असं. दर वर्षी अकरा डिसेंबरला मिरजेतल्या एक बाई सोलापूरच्या एकाच नंबरला कॉल बुक करायच्या. कॉल जोडला की विचारायच्या, "सातपुते आहेत का?" तिकडून उत्तर यायचं, "नाही, राँग नंबर." बाई ठेवून द्यायच्या. पुढच्या वर्षी तोच नंबर, तेच सातपुते. पहिली काही वर्षं तिकडे कुणी मोठं माणूस फोन उचलायचं. मग एकदा लहान मुलीचा आवाज आला, मागे पाहुण्यांचा गलका, कुणीतरी मेणबत्त्या मागतंय. त्या वर्षी बाईंनी सातपुत्यांची सगळी माहिती विचारली, ते काय करतात, जवळपास कुठं राहतात का, तुझं नाव काय, कितवीत आहेस. मुलगी बोलत राहिली.

"तेव्हा मला कळलं," वन्सं म्हणाल्या. "सातपुते नव्हतेच कुठं."

"मुलगी त्यांचीच?"

"ते मी कशाला विचारू? कुणाला दिली, का दिली, मला ठाऊक नाही. मी फक्त लाइन जोडत होते. त्या कॉलला 'तीन मिनिटं झाली' असं मी एकदाही म्हटलं नाही. आणि ती ड्यूटी कधी बदलून दिली नाही."

गवारीची टोपली बाजूला सारून त्या पुढे म्हणाल्या, "मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा काय म्हणाली माहितीय? 'मिरजेच्या काकू, तुम्ही दर वर्षी माझ्या वाढदिवसालाच कशा चुकता हो?' बाई हळू म्हणाल्या, 'चुकतेच बघ मी. ठेवते आता.' लाइन तुटल्यावर त्या मला म्हणाल्या, 'ताई, ऐकलंत ना?' मी म्हटलं, 'मी काही ऐकत नाही.'"

वन्सं डोळे पुसत होत्या आणि माझ्या डोक्यात तेरावं प्रकरण बसत होतं.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं. वाटलं आणि मी लिहायला बसले. मिरजेचं बार्शी केलं, सोलापूरचं नगर केलं, सातपुत्यांचे दातार केले आणि अकरा डिसेंबरची संक्रांत केली. एवढा भूगोल बदलला की वचन पाळल्यासारखं वाटायला लागतं. पण रहस्यकथेला नुसतं दुःख चालत नाही, कुणीतरी वाईट लागतं. बाईंचं गुपित कुणाला ठाऊक असणार? ऑपरेटरला. मग ऑपरेटर बाईंना धमकावू लागली, बाईंनी घाबरून विष कालवलं, पेला भलत्याच्या हातात गेला. सगळं कसं चपखल बसलं. ती ऑपरेटर मी चांगली रंगवली. अविवाहित, चष्म्याआडून बघणारी, दुसऱ्यांच्या सुखदुःखावर जगणारी. एक गोष्ट तेवढी बदलली नाही. मुलीचं ते वाढदिवसालाच चुकण्याचं वाक्य. ते इतकं सुंदर होतं की त्याला हात लावायचं माझ्या जिवावर आलं.

तेरावं आणि चौदावं प्रकरण मी वन्संना वाचून दाखवलं नाही. अंक छापून येईपर्यंत थांबा, तुम्हालाही जरा उत्सुकता राहू द्या, असं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ऐकून माणूस ओळखणाऱ्या बाई होत्या. पण घरच्या माणसाचं ऐकताना त्या कान बंद ठेवत असाव्यात.

अंक निघाला. देवस्थळींचा फोन आला, "मॅडम, ऑपरेटरनं धमाल केली." दिवाळीनंतर आठवडाभरानं, दुपारी चारच्या सुमारास, दारात एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, साधी फिकट साडी, हातात कापडी पिशवी. मला वाटलं वाचक. गूळ किंवा फोडणी.

"या, बसा," मी म्हटलं. "आपलं नाव?"

"माझं नाव तुमच्या गोष्टीत नाही," त्या बसत म्हणाल्या. "तेव्हा इथंही नको."

त्यांनी पिशवीतून अंक काढला. एका पानात बसचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं. ते पान माझ्यासमोर धरून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो, कथा काल्पनिक असते," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे.

"दातार काल्पनिक असतील. बार्शीही असेल. हे वाक्यही काल्पनिक का?"

मी काही बोलायच्या आत आतून वन्सं पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "पाणी घ्या."

त्या बाईंनी मान वर केली. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. वन्संकडे बघत त्या अगदी हळू म्हणाल्या, "'बोला, सोलापूर लाइनवर आहे.' तुम्हीच ना ताई?"

वन्संच्या हातातलं पाणी सांडलं. त्यांनी अंक पाहिला, ते तिकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उभ्यानंच वाचायला लागल्या. दोन पानं वाचून झाली, तिसरं उलटलं. स्वतःचा चष्मा, स्वतःचं वय, स्वतःचं लग्न न होणं, सगळं त्यांनी शांतपणे वाचलं. मला वाटलं त्या माझ्यावर ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चूक माझी," वन्सं बाईंना म्हणाल्या. "मी बोलले."

"मला वाटायचं," त्या बाई म्हणाल्या, "त्या लाइनवर आपण तिघीच आहोत."

"तिघीच होतो."

"तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मला आवाजावरनं कळलं. दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी तीन मिनिटांत तोडलं. मग मी बूथवरनं डायल करायला लागले." त्यांनी अंक परत पिशवीत ठेवला. "ती आता वीस वर्षांची आहे. कॉलेजात जाते, वाचते खूप. मागच्या वर्षी मला म्हणाली, 'काकू, सातपुते सापडले की आम्हालाही कळवा हं.' हा अंक त्यांच्याकडे येतो की नाही, मला ठाऊक नाही. पण येत असला तर?"

"नाव कुठंच नाहीये," मी म्हटलं. "कुणाला कळणार आहे?"

"तिला कळेल. वाक्य तिचंच आहे." मग वन्संकडे वळून त्या म्हणाल्या, "यंदा मी फोन करणार नाही, ताई. एवढंच सांगायला आले."

पदर सारखा करून त्या उठल्या. उंबऱ्याशी थांबल्या आणि सवयीनं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "येते." मी त्यांचं वर्षातलं एकमेव सुख केसानं गळा कापावा तसं कापलं होतं, आणि त्या मला 'येते' म्हणून गेल्या.

मी वन्संना बरंच काही ऐकवलं. त्यात लाज कुठेच नव्हती, राग होता. लेखक असंच कुठून कुठून उचलतो. ऑपरेटर म्हणजे काही तुम्ही नव्हे. लोक विसरतील. आणि सांगायचंच नव्हतं तर सांगितलं कशाला. हे शेवटचं मी खरंच म्हटलं. वन्संनी सांडलेलं पाणी पुसून घेतलं आणि भांडं घासून पालथं घातलं.

यांनी संध्याकाळी विचारलं, "ताई गप्प का?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय त्यांचं." माझा नवरा एवढ्या उत्तरावर समाधान मानणारा माणूस आहे. माझे वाचक आणि तो, एकाच मुशीतले.

अकरा डिसेंबरपर्यंत त्या राहिल्या. घरातलं सगळं करत होत्या, माझ्याशी बोलतही होत्या, दूध आलं का, गॅसचा नंबर कधी लावला, एवढं. माझ्या गोष्टींबद्दल त्या काही विचारत नव्हत्या आणि मी वाचून दाखवत नव्हते. त्या दिवशी दुपारभर त्या आमच्या टेलिफोनशेजारच्या खुर्चीत बसून होत्या. फोन लावला नाही, कुणाचा आला नाही. पाचच्या सुमाराला उठून त्यांनी देवापुढं दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी बाहेरच्या खोलीत प्रुफं तपासत होते. त्याच कादंबरीचं पुस्तक निघणार होतं. वन्सं आतून आल्या. हातात एक बॅग, खांद्यावर शाल. कुरुंदवाडला त्यांच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रीण राहायच्या, त्यांच्याकडे अधूनमधून दोन दिवस जायच्या त्या. बॅग मात्र दोन दिवसांची नव्हती. दारापाशी त्यांनी चपला घातल्या, माझ्याकडे वळल्या, आणि अगदी स्पष्ट, बोर्डावर बसल्यावर बोलत तशा आवाजात म्हणाल्या,

"जाते, हेमा."

त्यानंतर दोन वर्षांनी माझी अठरावी कादंबरी आली. तिच्यात विष नाही, शास्त्रज्ञ नाही, आतेभाऊ नाही. एक बाई शेजारणीच्या घरून निघताना 'येते'ऐवजी 'जाते' म्हणते आणि तेवढ्यावरून मथूआक्का सगळं ओळखतात. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक बक्षीस तिला मिळालं. परीक्षकांनी लिहिलं की लेखिकेला भाषेचा असा कान आहे की मराठी घरातला निरोपही तिच्या हाती पुरावा होतो. मी ते प्रमाणपत्र लावलेलं नाही, पण फाडलेलंही नाही. वन्सं कुरुंदवाडलाच राहिल्या, सात वर्षांपूर्वी तिथंच गेल्या. हे जात असत, भेटून येत. मला त्यांनी कधी बोलावलं नाही, आणि बक्षिसाचं पुस्तक मी पाठवलं ते पोचल्याचंही कळवलं नाही.

लोक हा योगायोग ऐकून हळहळतात. मुलाखतीत कधीमधी मीच सांगते, की माझी नणंद शेवटची निघाली तेव्हा 'जाते' म्हणाली होती आणि रहस्यकथा लिहिणाऱ्या मला ते कळलंच नाही, किती मोठा दैवदुर्विलास. समोरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं. मला वाचकांचा तिटकारा का वाटतो, हे यावरून लक्षात यावं. त्यांना काहीही खपतं.

मला कळलं होतं. एकतीस वर्षं शब्द ऐकण्याची नोकरी केलेल्या बाईच्या तोंडून असा शब्द घाईत जात नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मेमधली ती गवार आठवली, 'ऐकणाऱ्याला कळलं तरी पुरे' हे आठवलं. त्या पायऱ्या उतरत होत्या. गुडघे दुखायचे त्यांचे, एकेक पायरी सावकाश उतरायच्या, आणि पायऱ्यांपासून फाटकापर्यंत अंगण होतं. हाक मारायला भरपूर वेळ होता.

पेन हातात होतंच. प्रुफाच्या कडेला जागा होती तिथं मी तो शब्द लिहिला, पुसला जाऊ नये म्हणून त्याभोवती चौकट काढली. फाटक वाजलं ते त्यानंतर.